गुंगी की झोप? शामक औषधांचा प्राण्यांच्या झोपेवर आणि जागेपणावर होणारा परिणाम कसा मोजावा

औषध टोचल्यानंतर थोड्या वेळात उंदीर पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंग चोरून पडतो. डोळे मिटतात, हालचाल थांबते. अशा वेळी वहीत ‘झोपला’ असं लिहून मोकळं व्हावंसं वाटतं, आणि या क्षेत्रातले बरेचसे चुकीचे निष्कर्ष तिथूनच सुरू होतात. पडून राहिलेला प्राणी झोपलेला असू शकतो, गुंगीत असू शकतो, स्नायू सैल पडल्यामुळे उठू न शकणारा असू शकतो, किंवा नुसता घाबरून गोठलेला असू शकतो.

नुसत्या ईईजीवर, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या आलेखावर, विसंबूनही भागत नाही. अब्राहम विक्लर यांनी १९५२ साली कुत्र्यांना ॲट्रोपिन दिलं, तेव्हा मेंदूच्या आलेखावर गाढ झोपेसारख्या संथ, उंच लाटा उमटल्या, पण कुत्री जागी होती. म्हणून या लेखात मी एकच आग्रह धरणार आहे: मेंदूच्या लाटा, स्नायूंचा ताण, प्राण्याला जागं करता येतं का, आणि औषध उतरल्यावर झोपेची भरपाई होते का, या चारही गोष्टी तपासल्याशिवाय ‘या औषधाने झोप वाढते’ असं म्हणू नये. झोपेवरच्या प्रयोगात नव्यानेच उतरलेल्यांना आणि असे शोधनिबंध वाचणाऱ्यांनाही हा क्रम उपयोगी पडेल.

आधी त्या प्राण्याची नेहमीची झोप ओळखा

रॅट आणि माइस, म्हणजे प्रयोगशाळेतले मोठे आणि छोटे उंदीर, निशाचर आहेत. चोवीस तासांत साधारण बारा तास झोपतात, त्यातली बहुतेक झोप उजेडाच्या काळात होते. पण माणसासारखी ती सलग नसते. रॅटचं झोपेचं एक चक्र दहा-बारा मिनिटांचं असतं, माइसचं त्याहून लहान. रेम झोपेचा, म्हणजे डोळे भरभर हलणाऱ्या झोपेचा, एक तुकडा जेमतेम मिनिट-दोन मिनिटं टिकतो. मधे मधे काही सेकंदांची जाग येतच असते आणि ती पूर्णपणे नैसर्गिक आहे.

आलेखावर तीन अवस्था ओळखायच्या. जागेपणी ईईजी कमी उंचीचा, मिश्र लहरींचा, आणि मानेच्या स्नायूंचा ईएमजी (स्नायूंच्या विद्युत हालचालीचा आलेख) जोरदार. नॉन-रेम झोपेत ०.५ ते ४ हर्ट्झच्या उंच डेल्टा लाटा, ईएमजी मंद. रेम झोपेत ईईजी पुन्हा जागेपणासारखा सपाट होतो, त्यात ६ ते ९ हर्ट्झचा नियमित थीटा ठोका दिसतो आणि ईएमजी जवळपास शून्यावर येतो. या तिसऱ्या अवस्थेतली स्नायूंची पूर्ण शिथिलता मिशेल जूवे यांनी १९५९ च्या सुमारास मांजरांमध्ये दाखवली आणि तिला ‘विरोधाभासी झोप’ म्हटलं.

औषधाच्या प्रयोगाआधी आपल्याच खोलीतल्या, आपल्याच जातीच्या प्राण्यांची चोवीस तासांची साधी नोंद घेऊन ठेवा. पुस्तकातले आकडे दिशा दाखवतात. तुलना मात्र आपल्याच नोंदीशी करायची असते. मादी प्राणी असतील तर ऋतुचक्राचाही विचार हवा: प्रोएस्ट्रसच्या, म्हणजे बीजांड बाहेर पडण्याआधीच्या टप्प्याच्या, रात्री मादी रॅटची झोप, विशेषतः रेम, कमी होते.

औषध मेंदूतल्या कोणत्या कळीवर बोट ठेवतं?

इथे घाई करू नका. कोणत्या आकड्याकडे लक्ष ठेवायचं, हे याच पायरीवर ठरतं.

१९४९ साली मोरुझ्झी आणि मॅगून यांनी मांजरांच्या मेंदूच्या देठातला जाळीदार भाग विजेने उत्तेजित केला आणि ईईजी एका क्षणात झोपेतून जागेपणाच्या रूपात गेला. तिथून पुढे जाग ठेवणारी केंद्रं एकेक करून सापडत गेली: नॉरॲड्रेनॅलिन सोडणारं लोकस सेरुलियस, हिस्टामिन सोडणारं ट्यूबरोमॅमिलरी केंद्र, सेरोटोनिनची राफे केंद्रं, आणि १९९८ मध्ये हायपोथॅलॅमसमधल्या ओरेक्सिन पेशी. याउलट झोपेच्या बाजूने काम करणाऱ्या पेशी हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागात आहेत. त्यातला व्हीएलपीओ हा भाग झोपेत सक्रिय असतो, हे १९९६ मध्ये रॅटच्या मेंदूत सी-फॉस या, नुकत्याच सक्रिय झालेल्या पेशी दाखवणाऱ्या, खुणेवरून दिसलं. हे दोन गट एकमेकांना दाबतात, सी-सॉच्या दोन टोकांसारखे. एक वर गेलं की दुसरं खाली.

शामक औषधं या यंत्रणेत वेगवेगळ्या जागी शिरतात.

बार्बिट्युरेट, बेंझोडायझेपिन, झोल्पिडेम आणि प्रोपोफॉल हे सगळे गाबा-ए रिसेप्टरचा जोर वाढवतात. रिसेप्टर म्हणजे पेशीवरची रासायनिक संदेश स्वीकारणारी जागा, आणि गाबा हे मेंदूतलं पेशींना शांत करणारं रसायन. हा रिसेप्टर मेंदूत सगळीकडे आहे. त्यामुळे परिणाम फक्त झोपेच्या केंद्रापुरता राहत नाही; स्नायू, तोल, स्मरण, चिंता, सगळ्यालाच हात लागतो. तरीही यातला काही भाग नैसर्गिक वाटेनेच जातो. २००२ मध्ये नेल्सन आणि सहकाऱ्यांनी रॅटच्या ट्यूबरोमॅमिलरी केंद्रात गाबा रोखणारं गॅबाझीन सोडलं, तेव्हा प्रोपोफॉल आणि पेंटोबार्बिटालची गुंगी कमी झाली.

डेक्समेडेटोमिडीन अल्फा-२ रिसेप्टरवर काम करतं आणि लोकस सेरुलियसला गप्प करतं. त्यातून येणाऱ्या गुंगीचा ईईजी नॉन-रेम झोपेशी बराच जुळतो, आणि जोरात हलवलं तर प्राणी किंवा माणूस जागा होऊ शकतो. पण याबरोबर रेम झोप दबते आणि माइसचं शरीर चांगलंच थंड पडतं.

ओरेक्सिन रोखणारी औषधं, उदाहरणार्थ सुव्होरेक्संट, मेंदूला सरसकट दाबत नाहीत. ती जागेपणाचा एक आधार काढून घेतात. ओरेक्सिन नसलेल्या माइसमध्ये नार्कोलेप्सीसारखी, म्हणजे जागेपणातून अचानक झोपेत घसरण्याच्या आजारासारखी, अवस्था दिसते, हे १९९९ मध्येच समजलं होतं. म्हणूनच या औषधांमुळे रेम झोप दबत नाही, उलट तिचा वाटा वाढू शकतो.

केटामाइन एनएमडीए रिसेप्टर अडवतं. कमी डोसमध्ये त्याने प्राणी उलट सैरावैरा फिरू लागतो आणि ईईजीत गॅमा या अतिवेगवान लहरी वाढतात. गॅमा-हायड्रॉक्सिब्युटिरेट रॅटमध्ये संथ लाटा आणतं खरं, पण त्यातल्या काही अपस्माराच्या ‘ॲब्सेन्स’ झटक्यांसारख्या असतात. त्या लाटांना झोप म्हणणं सरळसरळ चूक ठरेल.

रिसेप्टरच्या आतल्या उपघटकांनीही फरक पडतो. १९९९ मध्ये माइसच्या अल्फा-१ उपघटकातलं एकच अमिनो आम्ल बदललं, तेव्हा डायझेपाम या बेंझोडायझेपिनची गुंगी जवळपास नाहीशी झाली. पण अशाच माइसची झोपेची नोंद घेतली तेव्हा डायझेपाममुळे ईईजीत होणारे बदल तसेच राहिलेले दिसले. म्हणजे हालचाल मंदावणं आणि झोपेच्या लाटा बदलणं या दोन वेगळ्या वाटा आहेत. फक्त हालचाल मोजून झोपेबद्दल बोलू नये, याला यापेक्षा स्वच्छ पुरावा मला माहीत नाही.

प्रश्न ठरवा, मग घड्याळ

‘औषधाने झोप लवकर लागते का’ आणि ‘झोप खोल होते का’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची वेळही वेगळी. उजेडाच्या सुरुवातीला रॅट एरवीही झोपणारच असतो. तिथे झोप आणखी वाढायला जागाच नसते. झोप आणण्याची ताकद पाहायची असेल तर अंधार सुरू होताना, प्राणी सर्वात जागा असताना औषध द्या. रेम दबते का, झोप अखंड होते का हे पाहायचं असेल तर उजेडाची वेळ बरी. शक्य असेल तर दोन्ही करा. अंधारात काम करताना मंद लाल दिवा वापरा. औषधाची वेळ घड्याळाच्या तासात लिहिण्यापेक्षा दिवे लागल्यापासून किती तासांनी, अशी लिहा.

प्रत्येक प्राण्याला औषध आणि (औषध ज्यात विरघळवलं तो) नुसता द्राव दोन्ही, वेगवेगळ्या दिवशी, क्रम बदलून द्यावे. झोपेत प्राण्या-प्राण्यांमधला फरक इतका असतो की प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःशी केल्यास कमी प्राण्यांत स्पष्ट उत्तर मिळतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या तत्त्वांपैकी ‘संख्या कमी करा’ हे इथे आपोआप पाळलं जातं. दोन डोसांच्या मधे औषध शरीरातून पूर्ण निघून जाईल एवढे दिवस सोडा. प्राण्यांच्या नीतिविषयक समितीची मंजुरी ही सगळी आखणी कागदावर उतरवून, प्रयोगाआधी घ्यायची.

डोस आणि तो कशात विरघळवायचा

माणसाचा डोस वजनाच्या हिशेबाने सरळ उंदराला देऊ नका. छोट्या प्राण्याचा चयापचय जलद असतो. शरीराच्या पृष्ठभागावर आधारलेल्या प्रचलित हिशेबात प्रति किलो डोसला रॅटसाठी ६/३७ आणि माइससाठी ३/३७ ने गुणलं की माणसाचा समतुल्य डोस मिळतो. म्हणजे रॅटमधले १० मिग्रॅ प्रति किलो हे माणसात साधारण १.६ मिग्रॅ प्रति किलो. हा फक्त सुरुवातीचा अंदाज आहे. डायझेपाम माणसाच्या रक्तात दिवसभराहून जास्त रेंगाळतं, रॅटच्या रक्तातून काही तासांत जातं. त्यामुळे ‘औषध दुसऱ्या दिवशी सुस्ती आणत नाही’ हा निष्कर्ष रॅटवरून काढता येत नाही.

कमीत कमी तीन डोस घ्या. सर्वात खालचा असा हवा की जवळपास काहीच दिसू नये. एकच मोठा डोस दिला की प्रत्येक शामक औषध एकसारखंच दिसू लागतं.

आता एक दुर्लक्षित गोष्ट. डायझेपाम पाण्यात विरघळत नाही, म्हणून प्रोपिलीन ग्लायकॉल आणि अल्कोहोलचं मिश्रण वापरलं जातं. अल्कोहोल स्वतः शामक आहे. डीएमएसओ या द्रावकाचेही स्वतःचे परिणाम आहेत. म्हणून कंट्रोल म्हणून नुसतं सलाइन देणं पुरेसं नाही. तोच द्राव, त्याच प्रमाणात, त्याच वाटेने द्या. आणि जमलं तर त्या द्रावाचीही सलाइनशी एकदा तुलना करून ठेवा. तोंडावाटे देताना मिथाइलसेल्युलोजमधलं निलंबन बऱ्याचदा सोयीचं पडतं. माइसला पोटात टोचताना एकूण द्राव प्रति किलो १० मिलिलिटरच्या आसपास ठेवा.

इलेक्ट्रोड बसवणं आणि सवय लावणं

कवटीवर पुढच्या आणि मागच्या बाजूला स्टीलचे छोटे स्क्रू, संदर्भासाठी बहुधा लहान मेंदूच्या वर एक, आणि मानेच्या स्नायूंत दोन तारा. सगळं दंतवैद्यकीय ॲक्रिलिकने पक्कं करायचं. भूल आणि वेदनाशमन पूर्ण हवं. ब्युप्रेनॉर्फिनसारखं ओपिऑइड वेदनाशामक झोप बदलतं, म्हणून ते शरीरातून जाईपर्यंत नोंद सुरू करायची नाही. त्याच्या भीतीने वेदनाशामकच टाळणं मात्र क्षम्य नाही, कारण दुखणारा प्राणीही नीट झोपत नाही. निदान एक आठवडा विश्रांती द्या.

त्यानंतर केबलची, हाताळण्याची आणि इंजेक्शनची सवय लावा. टोचण्याने प्राणी काही काळ जागाच राहतो. सवय नसेल तर हा ताण औषधाचा सुरुवातीचा परिणाम झाकून टाकतो, आणि झोप लागायला लागलेला वेळ हा आकडा निरुपयोगी होतो. खोट्या इंजेक्शनांचे काही दिवस घालवणं हा वेळेचा अपव्यय वाटतो, पण अख्ख्या प्रयोगात यासारखी स्वस्त सुधारणा दुसरी नाही.

अवस्था ओळखणं: औषधाखालचा आलेख वेगळा वाचावा लागतो

नोंदीचे छोटे तुकडे पाडून प्रत्येकाला जाग, नॉन-रेम किंवा रेम अशी खूण करतात. माइससाठी ४ सेकंद आणि रॅटसाठी १० सेकंद हे तुकडे रूढ आहेत. खूण करणाऱ्याला कोणत्या दिवशी औषध होतं ते माहीत नसावं.

नेहमीच्या नोंदीत हे काम हात बसला की वेगाने होतं. औषधाखाली मात्र प्रत्येक खूण फसवू शकते. बेंझोडायझेपिन नॉन-रेमचा वेळ वाढवतं, पण त्याच वेळी डेल्टा लाटांचा जोर कमी करतं आणि वेगवान लहरी वाढवतं. डेल्टाच्या उंचीवर ठरवणारा संगणकी प्रोग्राम अशी झोप ‘जाग’ म्हणून मोजू शकतो. दुसरीकडे, स्नायू सैल झाल्यामुळे ईएमजी जागेपणीही पडलेला असतो, आणि शांत जागा असलेला प्राणी रेममध्ये असल्याचा भास होतो. म्हणून तीन गोष्टी करा. व्हिडिओ नोंद ठेवा आणि शंका येईल तिथे पाहा. संगणकी प्रोग्राम वापरला तर औषधाच्या दिवसांतले काही तास हाताने तपासून जुळणी करा. आणि जे तुकडे कोणत्याच नैसर्गिक अवस्थेत बसत नाहीत त्यांना ओढूनताणून बसवू नका. त्यांच्यासाठी ‘औषधी अवस्था’ असा चौथा खण ठेवा. हा खण मोठा निघाला तर तोच तुमचा महत्त्वाचा निष्कर्ष असतो.

एकूण मिनिटं हा सर्वात कमी सांगणारा आकडा आहे. त्याबरोबर झोप लागायला लागलेला वेळ, झोपेचे तुकडे किती आणि सरासरी किती लांब, रेम सुरू व्हायला लागलेला वेळ, आणि एकूण झोपेत रेमचा वाटा हे सगळं काढा. दोन औषधं झोपेची मिनिटं सारखीच वाढवतील, पण एक तुकड्यांची लांबी वाढवून आणि दुसरं तुकड्यांची संख्या वाढवून. ‘झोप लागली’ कशाला म्हणायचं, किती सेकंद सलग नॉन-रेम हवी, हे नोंद बघण्याआधीच लिहून ठेवा.

लाटांची ताकद मोजताना

प्रत्येक अवस्थेतल्या लहरींची ताकद वारंवारितेनुसार मोजली की औषधाची खरी ओळख पटते. इथला नेहमीचा सापळा टक्केवारीचा. एकूण ताकदीतला डेल्टाचा हिस्सा काढला आणि औषधाने बीटा या वेगवान लहरींचा जोर वाढवला, तर डेल्टा अजिबात न बदलताही त्याचा टक्का घसरतो. म्हणून त्याच प्राण्याची, त्याच अवस्थेतली, दिवसाच्या त्याच तासातली, द्राव दिलेल्या दिवसाची प्रत्यक्ष ताकद पाया धरा आणि तिच्याशी तुलना करा. जागेपणाचं चित्रही काढा. औषध दिलेला प्राणी जागा असतानाही त्याच्या ईईजीत संथ लहरी घुसत असतील, तर ती सुस्ती आहे, आणि झोपेच्या तक्त्यात ती कधीच दिसत नाही.

आकडेशास्त्रात एकक प्राणी आहे, नोंदीचे तुकडे नव्हेत. आठ उंदरांच्या नोंदींच्या हजारो तुकड्यांवर चाचणी लावून मिळालेली ठळक तफावत भरवशाची नसते.

जागं करून बघा

माझ्या मते सर्वात मोलाची आणि सर्वात जास्त वगळली जाणारी पायरी हीच. झोपेची व्याख्याच अशी आहे की ती सहज उलटवता येते. ठरावीक आवाज हळूहळू वाढवत न्या आणि कोणत्या पातळीला ईईजी व ईएमजी जागेपणाकडे वळतात ते नोंदवा. औषध दिलेल्या आणि न दिलेल्या, दोन्ही दिवशी नॉन-रेम झोपेतूनच जागं करा. गाबावर काम करणाऱ्या औषधांखाली ही पातळी वर सरकते. ओरेक्सिन रोखणाऱ्यांखाली प्राणी महत्त्वाच्या आवाजाला तुलनेने सहज जागा होतो.

उठल्यावर तो कसा वागतो हेही बघा. फिरत्या दांड्यावर, म्हणजे रोटारॉडवर, किती वेळ टिकतो? पाठीवर उताणा केल्यास पालथा होतो का? पालथं होण्याचं हे प्रतिक्षिप्त कर्म नाहीसं झालं तर प्राणी झोपेच्या पलीकडे, भुलीच्या हद्दीत गेलेला असतो. जुन्या शोधनिबंधांत बार्बिट्युरेटचा ‘झोपेचा काळ’ म्हणून दिलेला आकडा बहुतेक वेळा हाच असतो, ते वाचताना लक्षात ठेवा. हेक्झोबार्बिटालच्या बाबतीत मादी रॅट नरापेक्षा कितीतरी जास्त वेळ पडून राहते, कारण तिचं यकृत ते औषध सावकाश फोडतं. माइसमध्ये हा फरक ठळक नाही. नर रॅटवरचा आकडा उचलून सगळ्या उंदरांना लावला तर काय होईल, ते यावरून कळेल.

परिणाम खरंच ठरलेल्या रिसेप्टरमधून येतो का, हे उलटं औषध देऊन तपासता येतं: बेंझोडायझेपिनसाठी फ्लुमाझेनिल, डेक्समेडेटोमिडीनसाठी ॲटिपामेझोल.

तापमान आणि श्वास

बार्बिट्युरेट आणि अल्फा-२ औषधांनी शरीराचं तापमान उतरतं, आणि थंड मेंदूच्या लाटा आपोआप संथ होतात. माइससाठी आरामाचं तापमान ३० अंशांच्या आसपास असतं. नेहमीची खोली त्यांना थंडच असते. पोटात तापमानाचा सेन्सर असेल तर उत्तम. नसेल तर एका गटाला ऊब देऊन बघा, संथ लाटांमधला किती भाग थंडीचा होता ते समजेल. मोठ्या डोसला श्वासाचा वेगही मोजा. श्वास मंदावून शरीरात कार्बन डायऑक्साइड साठला की ईईजी त्यानेही बदलतो, आणि प्राण्याच्या सुरक्षिततेसाठी तर ही नोंद हवीच.

कर्ज फिटलं का?

जागरणाने झोपेचं कर्ज साठतं, आणि नंतरच्या झोपेत डेल्टा लाटा उसळून ते फिटतं. ते तपासायला प्राण्याला हळुवार हाताळत सहा तास जागं ठेवा. मग एका वेळी त्याला स्वतःहून झोपू द्या आणि दुसऱ्या वेळी औषधाच्या गुंगीत ठेवा, आणि नंतरच्या तासांत डेल्टाची उसळी किती येते ते पाहा. गुंगीने झोपेचं काम केलं असेल तर उसळी कमी असेल. २००४ मध्ये टंग आणि सहकाऱ्यांनी जागरण घडवलेल्या रॅटना प्रोपोफॉलखाली ठेवलं, तेव्हा जागरणाची भरपाई झालेली आढळली. पण आयसोफ्लुरेन आणि सेव्होफ्लुरेनसारख्या वायुरूप भुलीने रेमचं कर्ज फिटत नाही, असं नंतरच्या प्रयोगांत दिसलं. म्हणजे भरपाई नॉन-रेम आणि रेमसाठी वेगवेगळी तपासावी लागते.

यासाठी नोंद औषधाचा परिणाम दिसतो तेवढ्यापुरती न ठेवता पूर्ण चोवीस तास चालू ठेवा. पहिल्या चार तासांत वाढलेली झोप पुढच्या आठ तासांत तेवढीच घटलेली असते, असं बरेचदा घडतं.

रोज दिलं तर

एका डोसचा निकाल आणि दोन आठवड्यांचा निकाल एक नसतो. बेंझोडायझेपिनची सवय होते, झोपेवरचा परिणाम ओसरतो, आणि औषध अचानक बंद केलं की जाग आणि रेम उसळून येतात. म्हणून पहिला दिवस, मधला एक, शेवटचा, आणि बंद केल्यानंतरचे दोन-तीन दिवस अशी नोंद ठेवा. बंद केल्यावर झटके येऊ शकतात. कोणत्या लक्षणाला प्रयोग थांबवायचा आणि प्राण्याला कशी मदत करायची, हे आधीच ठरलेलं असावं.

अहवाल लिहिताना प्राण्याची जात, लिंग, वय, दिव्यांचं वेळापत्रक, खोलीचं तापमान, द्रावातले घटक आणि त्यांचं प्रमाण, औषध देण्याची वाट, तुकड्यांची लांबी, अवस्था ठरवण्याचे निकष आणि वगळलेल्या प्राण्यांची कारणं द्या. ‘औषधी अवस्था’ म्हणून बाजूला ठेवलेली मिनिटं स्वतंत्र रकान्यात दाखवा. ती जागेपणात किंवा झोपेत मिसळू नका.